छप्पर कशावर टेकवाल? : प्राचीन स्थापत्याच्या एका पुणेरी अभ्यासवर्गाविषयी

बांधकामाच्या साइटवर सत्तावीस वर्षे काढलेल्या माणसाला कोणतीही इमारत दिसली की आधी तिचा भार कुठून कुठे उतरतो ते दिसते आणि नक्षी नंतर दिसते. त्यामुळे ‘प्राचीन साम्राज्यांची कला आणि स्थापत्य’ या नावाच्या अभ्यासवर्गाचे पत्रक डेक्कनवरच्या एका पुस्तकांच्या दुकानात हाती आले तेव्हा, राजांच्या नावांत आणि सनावळ्यांतच सगळा वेळ जाणार की काय, अशी शंका मनात होती. तरीही दहा शनिवार, दर शनिवारी संध्याकाळी दोन तास, दोन सहली आणि सारे शिकवणे मराठीतून, हे वाचून मी चार हजार आठशे रुपये भरले. ऑक्टोबरमध्ये सुरू झालेला हा वर्ग डिसेंबरअखेर संपला. त्यात जे मिळाले ते अनेकांना मिळावे असे आहे, म्हणून हे लिहीत आहे. काही गोष्टी खटकल्याही. त्या आयोजकांना लेखी कळवल्या असून त्यांचे उत्तर यायचे आहे, म्हणून संस्थेचे नाव येथे देणे मला योग्य वाटत नाही.

वर्ग घेणाऱ्या बाई पुरातत्त्वाच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी एकही चित्र दाखवले नाही. सदाशिव पेठेतल्या त्या जुन्या सभागृहात आम्ही तीस-बत्तीस जण बसलो होतो आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला : “तुमच्या गावाच्या आसपास जे सापडते तेवढेच साहित्य तुमच्याजवळ आहे आणि शंभर माणसे बसतील एवढी खोली बांधायची आहे, तर छप्पर कशावर टेकवाल?” पुढचे दहाही आठवडे हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. प्रत्येक साम्राज्य याच प्रश्नाला काय उत्तर देते, त्या उत्तरातून खोलीचा आकार कसा ठरतो, आणि कलाकुसर कुठे येते व का येते, या एका धाग्यावर त्यांनी चार हजार वर्षे ओवली. या वर्गाची खरी किंमत मला या पद्धतीत वाटते. चित्रे तर आज कोणालाही घरबसल्या पाहता येतात.

मेसोपोटेमियाचे, म्हणजे आजच्या इराकच्या बाजूचे, उदाहरण त्यांनी आधी घेतले, कारण तेथे छप्पर हा प्रश्नच बाजूला ठेवलेला दिसतो. उर येथील झिगुरात, म्हणजे चंद्रदेव नन्ना याच्यासाठी उर-नम्मू राजाने सुमारे इ. स. पू. २१०० च्या सुमारास बांधायला घेतलेला पायऱ्यापायऱ्यांचा उंच चौथरा, पायथ्याशी साधारण ६४ मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद आहे आणि आतून पूर्ण भरीव आहे. त्या मुलखात दगड नाही, चांगले लाकूड नाही. आहे तो गाळ, बोरू आणि डांबर. म्हणून आत कच्च्या विटांचा गाभा, बाहेरून भाजलेल्या विटांचे जाड कवच आणि सांध्यांत डांबर. एका चित्रात त्या कवचात ओळीने ठेवलेली उभट छिद्रे दिसली. आतल्या कच्च्या विटांमधला ओलावा बाहेर पडावा म्हणून ती ठेवली आहेत, असे बाईंनी सांगितले, तेव्हा मी जवळजवळ उठून उभा राहिलो. घाटातल्या प्रत्येक रिटेनिंग वॉलला आपण आजही हीच छिद्रे ठेवतो, आणि ती बुजली की पावसाळ्यात भिंत फुगते. चार हजार वर्षांपूर्वीच्या मिस्त्रीला हे ठाऊक होते, ही गोष्ट मला कोणत्याही शिल्पापेक्षा जवळची वाटली.

इजिप्तचा शनिवार मात्र विसरता येणार नाही. बाईंनी टेबलावर दोन विटा ठेवल्या आणि त्यांवर शहाबादी फरशीचा तीन फुटी अरुंद पट्टा आडवा टाकला. विटा जवळ होत्या तोवर पट्ट्यावर वाळूच्या पिशव्या एकावर एक चढत गेल्या आणि काही झाले नाही. मग विटा दूर सरकवल्या आणि तिसऱ्याच पिशवीला खट्कन आवाज होऊन पट्टा मधोमध तुटला. त्यांनी दोन्ही तुकडे आमच्यात फिरवले आणि चीर कोणत्या बाजूने सुरू झाली ते पाहायला सांगितले. चीर खालून सुरू होते, कारण वाकताना दगडाची खालची बाजू ताणली जाते आणि दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. आम्ही स्लॅबमध्ये मधल्या भागात सळया खालच्या अंगाला टाकतो त्या याचसाठी. पण इजिप्तच्या कारागिराजवळ सळई नव्हती. मग त्याच्यापुढे एकच वाट उरते : खांब जवळजवळ आणा.

हे डोळ्यांसमोर घडल्यानंतर बाईंनी कार्नाकच्या मंदिराचा स्तंभमंडप पडद्यावर आणला. सेती पहिला आणि रामसेस दुसरा या राजांच्या काळात, इ. स. पू. तेराव्या शतकात उभ्या राहिलेल्या या मंडपात १३४ खांब आहेत. मधल्या दोन रांगांतले १२ सुमारे २१ मीटर उंच आणि बाकीचे त्याहून ठेंगणे. मंडप साधारण १०३ मीटर लांब आणि ५२ मीटर रुंद आहे, म्हणजे सरासरी दर ४० चौरस मीटरला एक खांब येतो. या दाटीला आपण भव्यता म्हणतो खरे, पण ती आधी फरशीच्या त्या तुटण्याला दिलेले उत्तर आहे. तेथल्या माणसाने मग त्या अडचणीचेच सोने केले : खांबांना पपायरस या पाणथळीतल्या वनस्पतीच्या देठाचे आणि फुलाचे रूप दिले, मधल्या रांगा उंच केल्या आणि उंचीतल्या फरकात दगडी जाळ्या बसवून वरून उजेड आत घेतला, त्यामुळे मंडपाच्या मधोमध प्रकाश आणि कडेला पाणथळ झाडीतल्यासारखा काळोख राहतो.

त्या आठवड्याचा गृहपाठही सांगण्याजोगा होता. प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या जुन्या वाड्यात जाऊन एका खणाची रुंदी मोजून आणायची. पुण्यात आपण अजूनही ‘तीन खणी’, ‘पाच खणी’ असे शब्द वापरतो, पण खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर आणि ते सागवानी तुळईने ठरवलेले असते, याकडे लक्ष जात नाही. कसबा पेठेतल्या आमच्या नात्यातल्या वाड्यात खण पाच फूट दोन इंच भरला. दुसऱ्या कोणी विश्रामबागवाड्याच्या चौकात उभे राहून खांब मोजले. पुढच्या शनिवारी सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहून बाईंनी विचारले, की तुमच्याजवळ वाटेल तेवढ्या लांब तुळया असत्या तर? आणि तेथून इराण सुरू झाला.

पर्सेपोलिस या राजधानीचे काम इराणी सम्राट दारियस पहिला याने सुमारे इ. स. पू. ५१८ मध्ये सुरू केले. तेथल्या अपदान या दरबारगृहाचा मुख्य मंडप साधारण ६० मीटर चौरस आहे आणि त्यात खांब फक्त ३६. बाहेरच्या पडव्यांतले धरून एकूण ७२, त्यांपैकी १३ आज उभे आहेत. हिशेब केला तर दर १०० चौरस मीटरला एक खांब. हे शक्य झाले ते वरच्या तुळया लाकडाच्या होत्या म्हणून. सूसा येथील राजवाड्याच्या पायाभरणीच्या लेखात दारियस स्वतः सांगतो की देवदाराचे लाकूड लेबनॉनच्या डोंगरांतून आणले, सोने सार्डिस (आजचे तुर्कस्तान) आणि बॅक्ट्रियातून (आजच्या अफगाणिस्तानची उत्तर बाजू) आले, हस्तिदंत कुश (आजचे सुदान), सिंध आणि अराकोशिया (कंदाहारची बाजू) येथून आले. साम्राज्याचा विस्तार असा खांबांमधल्या अंतरात मोजता येतो, हे मला त्या दिवशी समजले. ज्याचा हात लेबनॉनपर्यंत पोहोचतो त्याचे खांब सडपातळ होतात आणि दूर दूर उभे राहतात.

याच मंडपाच्या जिन्यावर करभार घेऊन येणाऱ्या २३ प्रदेशांच्या लोकांची शिल्पे आहेत. बाईंनी त्यांपैकी हिंदूश, म्हणजे सिंधच्या बाजूच्या लोकांचे शिल्प पडदाभर मोठे करून बराच वेळ तसेच ठेवले. पुढचा माणूस वगळता बाकीचे उघड्या अंगाचे, कमरेला धोतरासारखे वस्त्र, सोबत एक गाढव, आणि एकाच्या खांद्यावर कावड. कावडीच्या दोन्ही टोकांच्या टोपल्यांत भांडी आहेत आणि त्यांत सोन्याचे कण असावेत असे अभ्यासक मानतात. शिंगणापूरच्या वाटेवर पाहिलेली कावड अडीच हजार वर्षांपूर्वीच्या इराणी दगडात दिसली, तेव्हा माझ्या शेजारच्या आजी नकळत “अगं बाई” म्हणून गेल्या आणि वर्गात कोणीही हसले नाही.

तेथून मौर्यांकडे येताना बाईंनी घाई केली नाही, हे फार बरे झाले, कारण येथे बहुतेक ठिकाणी ‘इराणचा प्रभाव’ एवढे म्हणून विषय संपवतात. पाटण्याजवळ कुम्राहार येथे सापडलेल्या ८० खांबांच्या मंडपाचे पर्सेपोलिसशी नाते असावे, असा विचार उत्खननाच्या वेळेपासून मांडला गेला. त्या उत्खननाला पैसा सर रतन टाटा यांनी पुरवला होता. घंटेसारखे उलटे कमळ, त्यावर पाठीला पाठ लावलेले प्राणी, चकाकणारी झिलई, ही साम्ये बाईंनी दाखवली. पण फरकही तितक्याच काळजीने दाखवले. पर्सेपोलिसचा खांब तुकड्यांवर तुकडे रचून केलेला आणि उभ्या पन्हळी कोरलेला. अशोकाचा स्तंभ एकसंध वालुकाश्माचा, गुळगुळीत आणि वर निमुळता होत जाणारा. शिवाय इराणचा खांब छप्पर पेलतो, अशोकाचा स्तंभ काहीच पेलत नाही. तो उघड्या आभाळाखाली एकटा उभा आहे, त्याच्या माथ्यावर सिंह आहेत आणि अंगावर प्रजेला उद्देशून कोरलेली अक्षरे आहेत. छपराच्या प्रश्नातून खांबाला मोकळे करणे ही भारतीय कल्पना होती की नाही यावर अभ्यासकांत वाद असू शकेल; मला स्वतःला मात्र सारनाथच्या सिंहशीर्षाकडे, जे २६ जानेवारी १९५० पासून आपले राष्ट्रचिन्ह आहे, या अंगाने पाहण्याची दृष्टी प्रथमच मिळाली.

ग्रीसला एक शनिवार दिला होता आणि तो चांगला असला तरी माझ्या मनात फार उरला नाही. अथेन्सच्या पार्थेनॉन या देवळाची जोत्याची रेघ मध्यावर किंचित उचललेली आहे, खांब किंचित आत कललेले आहेत आणि आज पांढरेशुभ्र दिसणारे ते संगमरवर मुळात रंगवलेले होते, एवढे लक्षात राहिले.

रोमच्या वर्गात बाईंनी आमच्या हातात दोन दगड दिले : एक आपला काळा बेसाल्ट आणि दुसरा टाचा घासायला मिळतो तसला सच्छिद्र, हलका दगड. पँथिऑनच्या घुमटाचे रहस्य तुमच्या दोन हातांत आहे, असे त्या म्हणाल्या. सम्राट हेड्रियनच्या काळात, सुमारे इ. स. १२६ मध्ये पुऱ्या झालेल्या या देवळाच्या घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आहे आणि आत एकही खांब नाही. ज्वालामुखीची राख आणि चुना यांच्या काँक्रीटमध्ये रोमन कारागिरांनी पायाशी जड खडी वापरली, जसजसे वर गेले तसतशी ती हलकी करत नेली आणि माथ्याजवळ हा सच्छिद्र दगड घातला. घुमटाची जाडीही खाली सुमारे ६ मीटर आणि वरच्या उघड्या डोळ्याजवळ सव्वा मीटरच्या आसपास आहे. आतल्या बाजूला चौकोनी खोबण्यांच्या पाच रांगा, प्रत्येक रांगेत २८, आणि माथ्यावर जवळपास ९ मीटर रुंदीची मोकळी जागा. बिनसळईच्या काँक्रीटचा इतका मोठा घुमट त्यानंतर आजवर कोणी बांधलेला नाही. मी स्वतः काँक्रीट ओतून घेण्यात आयुष्य घालवले आहे आणि एकाच ओतकामात वेगवेगळी खडी वापरताना किती बारकाईने लक्ष द्यावे लागते हे जाणतो, म्हणून त्या कारागिरांपुढे मनापासून हात जोडावेसे वाटले.

त्याच वर्गात कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर सापडलेल्या आणि तेथील टाउन हॉल संग्रहालयात असलेल्या समुद्रदेव पोसायडनच्या छोट्या कांस्यमूर्तीची गोष्ट निघाली. रोमची मूर्ती सातवाहनांच्या मुलखात आली, पण रोमचे काँक्रीट आले नाही. आपल्याकडे छपराच्या प्रश्नाला दुसरेच उत्तर तयार होते, आणि ते पाहायला आम्ही कार्ल्याला जाणार होतो.

त्याआधी तक्रारी. चीन, अमेरिका खंडातल्या माया व इंका संस्कृती आणि कंबोडियातले अंकोरवाट या सर्वांना मिळून एकच शनिवार ठेवणे हा नियोजनाचा दोष आहे. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेली चिनी सम्राटाची मातीची सेना आणि त्याच वर्षी आपल्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात दायमाबादला सापडलेले कांस्य रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, ही जोडी बाईंनी फार सुंदर मांडली. पण चिनी लाकडी बांधणीत खांबाच्या डोक्यावर एकावर एक बाहेर येणारे तोडे, ज्यांनी छपराचा प्रश्न अगदी निराळ्या रीतीने सोडवला, त्यांचा नुसता उल्लेख झाला. माया आणि अंकोरवाट बांधणारे ख्मेर यांनी खरी कमान न करता थरावर थर पुढे काढत दोन भिंती वर जुळवल्या, म्हणून त्यांच्या खोल्या आणि ओवऱ्या अरुंद राहिल्या, हे विटा रचून दाखवायला पाच मिनिटे पुरली असती. शिवाय इंकांचे माचू पिच्चू पंधराव्या शतकातले, म्हणजे आपल्या बहमनी काळातले आहे. त्याला ‘प्राचीन’ म्हणून घुसवण्यापेक्षा तो वेळ चीनला देणे न्यायाचे झाले असते.

प्रोजेक्टर जुना आहे. बॅबिलोनच्या इश्तार दरवाजाच्या विटांचा निळा रंग हा त्या दरवाजाचा प्राण, आणि आम्हाला तो राखी दिसला; शेवटी बाईंनी स्वतःचा मोबाइल रांगेतून फिरवला. छापील पुस्तिकेत तर गंभीर चुका आहेत. तीन ठिकाणी ‘पू.’ गळून ‘इ. स. पू.’चे ‘इ. स.’ झाले आहे, त्यामुळे दारियस हजार वर्षे पुढे सरकतो. शिकायला आलेला महाविद्यालयीन मुलगा हेच पाठ करील, हे आयोजकांनी ध्यानात घ्यायला हवे होते. बाईंनी मुद्रिते तपासायला मागितली होती आणि ती मिळाली नाहीत, असे त्यांच्या बोलण्यातून कळले.

पाताळेश्वराची अर्ध्या दिवसाची सहल उत्तम झाली. जंगली महाराज रस्त्याच्या रहदारीतून चार पायऱ्या उतरून गेले की आठव्या शतकातले हे लेणे आणि समोरचा कातळातच सोडलेला वर्तुळाकार नंदीमंडप. तेथे बाईंनी आम्हाला तासभर शांत बसवले आणि कारागिराने पहिला घाव कुठे घातला असेल ते शोधायला लावले. कार्ल्याची सहल मात्र चुकीच्या वेळी नेली. रविवार, एकवीरेची गर्दी, आणि बस उशिरा निघाल्याने आम्ही अकराला वर पोहोचलो. चैत्यगृह पश्चिमाभिमुख आहे. सकाळी आत काळोख असतो आणि ऊन पाठीमागच्या डोंगरावर असते. ज्या खांबांविषयी पाच आठवडे ऐकले ते आम्ही मोबाइलच्या दिव्याने पाहिले.

म्हणून जानेवारीत एका मंगळवारी पत्नीला घेऊन मी पुन्हा गेलो आणि साडेतीनला आत शिरलो. वरच्या पिंपळपानी गवाक्षातून ऊन तिरपे उतरून डाव्या हाताच्या खांबांवर पडले होते. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, खाली पायऱ्यांवर ठेवलेला घट, त्यातून वर निघालेला अष्टकोनी खांब, त्यावर उलटे कमळ आणि माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवर बसलेली जोडपी; स्तूपामागचे सात खांब साधे. पर्सेपोलिसचे कमळ आणि पाठीला पाठ लावलेले प्राणी येथे आपल्या माणसांना पाठीवर घेऊन बसले आहेत. काही खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दान दिल्याचे लेख आहेत आणि बाहेर वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा, हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचा लेख आहे.

मी खांबाला हात लावून वर पाहिले. या खांबांवर कसलाच भार नाही. वरचा डोंगर स्वतःच स्वतःला पेलतो. उद्या हे सदतीसही खांब कापून काढले तरी छत जागचे हलणार नाही. आणि त्या छताला आतून सागाच्या कमानदार फासळ्या बसवलेल्या आहेत, ज्या मूळच्याच, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. त्याही काही पेलत नाहीत. ज्यांना छपराचा प्रश्न उरलाच नव्हता त्यांनी लाकडी घराची आठवण म्हणून दगडात खांब घडवले आणि दगडाला लाकडाचा आधार दिला. पत्नीने विचारले, “एवढा वेळ वर काय बघताय?” तेव्हा मी तिला स्तूपाजवळ बसवून शहाबादी फरशीपासून सारे सांगितले, आणि पहारेकऱ्याने पाचला शिट्टी वाजवेपर्यंत आमचे बोलणे कार्नाकपर्यंतच पोहोचले होते.

पुढची तुकडी जूनमध्ये आहे. सभागृहाजवळ गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा बसने जावे; पुढच्या दोन रांगांत बसावे, मागे पंख्यांच्या आवाजात बाईंचे शब्द हरवतात. पुस्तिकेतल्या सनावळ्या पेन्सिलने दुरुस्त करून घ्याव्यात. आणि कार्ल्याची वेळ दुपारची ठेवा, असे आपण सर्वांनी पैसे भरतानाच आयोजकांना सांगावे.